अल्कोहोलवरची गाडी

गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली, तेव्हा जुरेमा कॉफीची कापडी गाळणी नळाखाली धरून उभी होती. तिचा हात तसाच थांबला.

जुलैतली सकाळ होती, इकडचा ऐन हिवाळा, आणि यंदाची पहिलीच कडक थंडी. परसातल्या गवतावर पांढुरका थर धरला होता आणि कुत्रं पायपुसण्यावर अंगाचं वेटोळं करून पडलं होतं. अशा थंडीत त्यांची गाडी कधी मुकाट्याने सुरू व्हायची नाही. अल्कोहोलवर चालणारी गाडी ती. थंडीत पहिल्या ठिणगीपुरतं पेट्रोल द्यायला इंजिनाशेजारी एक छोटी टाकी असते, ती तिचा नवरा ओस्मार कधी रिकामी ठेवत नसे. तरीही गाडी दोन-तीनदा खोकायची, गचके द्यायची, ओस्मार तिला "चल गं म्हातारे, ऊठ" म्हणून गोंजारायचा आणि मग कुठे ती ताळ्यावर यायची. या खोकल्याची जुरेमाला इतकी सवय होती की हिवाळ्यात कॉफी गाळताना तिचे कान आपोआप तिकडे लागत.

आज खोकला नाही. गोंजारणं नाही.

ती हात पुसत मागच्या दाराने बाहेर गेली. गाडीच्या मागे पांढरी वाफ रेंगाळत होती. तिने हुंगून पाहिलं. उसाच्या मुलखात जन्म गेलेल्या बाईला तो वास सांगावा लागत नाही. अल्कोहोलचा धूर आंबूस-गोडसर असतो, नाकात जरा झोंबतो. हा तो नव्हता. हा जड, तेलकट, शहरातल्या बसस्टँडवर येतो तसला वास होता.

"काय गं?" ओस्मारने काच खाली करून विचारलं.

"काही नाही. लगेच सुरू झाली आज."

"ऊन पडलंय ना."

ऊन अजून समोरच्या घराच्या कौलांवरसुद्धा आलं नव्हतं.

ओस्मारचं सगळं आयुष्य साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत गेलं होतं. रस आंबायच्या टाक्यांपासून सुरुवात करून तो शेवटी अल्कोहोल गाळायच्या मनोऱ्यावरचा मुख्य माणूस झाला. दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या गाड्या आल्या, तेव्हा गावातले लोक ज्या आठवड्यात जे स्वस्त ते भरायला लागले. ओस्मार नाही, त्याची गाडी तसलीच असूनही. एका वर्षी अल्कोहोल इतकं महागलं की ते भरणाऱ्याला लोक वेड्यात काढत. तरी त्याने तेच भरलं. "आपल्या हातानं गाळलेलं सोडून हिला परक्याचं पाजू?" असं तो पंपावर चार माणसांत मोठ्याने म्हणायचा. स्वतः तो बिअरलाही हात लावत नसे. गाडीच काय ती पिते, असं जुरेमा म्हणायची.

शाळेकडे जाताना तिने काट्याकडे पाहिलं. काटा पार तळाला टेकला होता. "परवाच भरलीस ना?"

"अल्कोहोल आहे. पितेच जास्त."

मे महिन्यापासून ती हे उत्तर ऐकत होती. गाडी जुनी झाली असेल, म्हातारी माणसं नाही का उगाच खात सुटत, असं म्हणून तिने ते पोटात घातलंही होतं. पण पेट्रोलवर गाडी कमी पिते हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. टाकीत पेट्रोल असून ती दोन दिवसांत आटत असेल, तर गाडी कुठेतरी जात होती. दूर कुठेतरी.

शाळेच्या फाटकाशी तो म्हणाला, "मी क्लबात जातो. पत्ते."

"बरं," ती म्हणाली.

जुरेमा नगरपालिकेच्या शाळेत स्वयंपाक करायची. घेवड्याच्या पोत्याला कुणी हात लावला की गाठ पाहूनच तिच्या लक्षात यायचं, पण ती त्याच दिवशी बोलायची नाही. आधी बघत राहायची. त्या दिवशीही तिने भात आणि घेवडा शिजवला, पोरांना वाढला, भांडी घासून पालथी घातली आणि दुपारी घरी न जाता गावाच्या वेशीवरच्या पंपाकडे चालत निघाली.

पंपावरचा जिल्सन ओस्मारच्या खास मर्जीतला. टोपी मागे सारून तो अदबीने म्हणाला, "दोना जुरेमा, पायी? आणि गाडी?"

"गाडी मालकाकडे. जिल्सन, हल्ली तिच्यात काय भरतोस रे?"

जिल्सनने हातातला पाइप जागेवर अडकवला. त्याला जरा जास्तच वेळ लागला.

"ते सेउ ओस्मारनाच विचारा की."

"त्याला विचारायचं असतं तर उन्हातून इथवर तंगडतोड केली असती का मी?"

"पेट्रोल," तो पुटपुटला. "मेपासून. अगदी गळ्यापर्यंत. कुणाला बोलू नकोस म्हणाले. मी म्हटलं, लाज वाटत असेल कारखान्यातल्या दोस्तांची. जन्मभर लोकांना नावं ठेवली ना त्यांनी." मग वातावरण हलकं करायला तो हसला. "या वयात माणूस घरचं सोडून बाहेरचं हुंगायला लागला की—"

जुरेमाचा चेहरा पाहून त्याने वाक्य तिथेच सोडलं आणि फडकं घेऊन रिकाम्याच पंपाची काच पुसायला लागला.

"किती वेळा येतो?"

"आठवड्यात दोनदा. कधी तीनदा."

क्लब चर्चच्या मागे होता. तिथे चालत गेलं तरी चप्पल गरम होत नाही.

घरी येऊन तिने गाडी यायची वाट पाहिली. गाडी आली ती संध्याकाळ कलताना. ओस्मार लगेच उतरला नाही. स्टिअरिंगच्या चाकावर दोन्ही हात ठेवून तो बराच वेळ समोरच्या भिंतीकडे बघत बसला. जुरेमा पडद्याआडून पाहत होती. घरात शिरण्याआधी माणूस थाप जुळवतो तेव्हा असाच बसतो, असं तिला वाटलं. मग तो आत आला आणि येता येता त्याने तिच्या केसांवर ओठ टेकले. हे नवीन होतं. हल्ली उशीर झाला की तो हमखास असं करायचा.

"कोण कोण होतं क्लबात?"

"नेहमीचेच. झेका होता. नेल्सन होता."

जुरेमाने पातेल्यावर झाकण ठेवलं. नेल्सनला त्यांनी ईस्टरच्या आठवड्यात पुरलं होतं. शवपेटीचा एक कोपरा खुद्द ओस्मारच्या खांद्यावर होता. साक्षीला मेलेला माणूस आणावा लागतो, म्हणजे खोटं बोलायचीही धड सवय नाही याला, असं तिच्या मनात आलं, आणि त्या विचारात कीव किती आणि राग किती हे तिचं तिलाच कळेना.

दुसऱ्या दिवशी तो अंघोळीला गेल्यावर तिने गाडी धुंडाळली. आत ना लांब केस, ना अत्तर. पण चाकांच्या वरच्या कमानीत लाल माती थापल्यासारखी बसली होती आणि पुढच्या काचेच्या खाचेत उसाचं पाचट अडकलं होतं. गावातले रस्ते सगळे डांबरी. ही माती उसाच्या फडांमधल्या वाटांची. आणि त्या वाटांच्या पलीकडे होतं मोर्रो आल्तो, आणि मोर्रो आल्तोत राहत होती इरासी.

इरासी डिस्टिलरीच्या प्रयोगशाळेत होती. ओस्मार बाटलीतून नमुना घेऊन जायचा, ती काचेच्या नळीत ओतून त्याची ताकद बघायची. एवढंच. पण एका जूनमध्ये, कारखान्याच्या जत्रेत, शेकोटीभोवती ओस्मार तिच्याबरोबर नाचला होता. एक नाच नव्हे, लागोपाठ बरेच. जुरेमाच्या पोटात तेव्हा त्यांची लेक एलियाने होती, दिवस भरत आले होते आणि ती सुजलेले पाय घेऊन बाकावर बसून होती. त्यानंतर कधी काही सापडलं नाही. इरासीचं लग्न झालं, नवरा वारला, ती मोर्रो आल्तोला राहायला गेली. जुरेमाने तो संशय डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेल्या गरम कपड्यासारखा जपून ठेवला होता. इतक्या वर्षांत त्याला कसर लागली नव्हती.

आता सगळं जुळायला लागलं. तो रोज दाढी करायचा. विचारलेल्याचं उत्तर उशिराने द्यायचा, आणि द्यायचा तेही "हो, हो" असं तोंडदेखलं. दुकानातून साबण आणायला जाऊन कॉफी आणायचा, ती घरात असताना. मन ठिकाणावर नसलेल्या माणसाची सगळी लक्षणं. एलियाने दूर, कांपिनास शहरात असते. तिला फोनवर सांगावं असं जुरेमाच्या दोनदा ओठांवर आलं, पण लेकीला काय सांगणार? बापाच्या गाडीचा वास बदललाय?

सप्टेंबरमध्ये एका सकाळी ओस्मार "क्लबात" गेला तशी तिने शाळेत पोट बिघडल्याचं कळवलं, चर्चला जायचा निळा झगा घातला आणि मोर्रो आल्तोची बस धरली.

इरासी व्हरांड्यात नेच्यांना पाणी घालत होती. केस काळेभोर रंगवलेले, पण बोटं सांध्यांत वाकडी झालेली. झारी खाली ठेवून ती म्हणाली, "ये. तू येशील असं वाटलंच होतं. उशीरच केलास."

जुरेमा व्हरांड्याची पायरी चढली. "कुठाय तो?"

"इथे नाही."

जुरेमा तिला ओलांडून आत गेली. बैठकीची खोली, स्वयंपाकघर, परस. परसात दोरीवर एकट्या बाईचे कपडे वाळत होते. इरासी दाराला टेकून बघत होती. "पलंगाखालीही बघून घे. मी झाडलेलं नाही मात्र तिथे."

"तो येतो इथे. खोटं बोलू नकोस."

"आला होता. एकदाच, ऑगस्टमध्ये." इरासीने खुर्ची पुढे केली. जुरेमा बसली नाही. "फाटकाशी गाडी थांबली. मी म्हटलं, हा ओस्मार. बाहेर आले. तर त्याने टोपी काढली आणि मला म्हणाला, 'बाई, साखर कारखान्याकडे जायचा रस्ता सांगाल का?'"

"थट्टा केली असेल."

"मलाही तेच वाटलं. मी हसले. म्हटलं, जन्म गेला तुझा त्या कारखान्यात आणि रस्ता मला विचारतोस? तर त्याचे डोळे भरून आले, जुरेमा. मी त्याला इथे बसवला, पाणी दिलं. लहान मूल पितं तसा दोन्ही हातांत पेला धरून प्यायला. मग बऱ्याच वेळाने माझ्याकडे बघून म्हणाला, 'इरासी, किती म्हातारी झालीस गं.' म्हणजे तेव्हा ओळखलं. आणि जाताना शपथ घातली. तुला सांगायचं नाही."

"आणि तू सांगितलं नाहीस."

"मी तुझ्या दारात आले असते, तर आत घेतलं असतंस?"

जुरेमाचा विश्वास बसेना. दोघांनी बसून रचलेली गोष्ट ही, तिला वाटलं. चांगली रचलीय. पाण्याच्या पेल्यापर्यंत सगळं.

"चल, सोडते तुला," इरासी म्हणाली. "बस आता संध्याकाळशिवाय नाही."

इरासीची गाडी लहान होती आणि ती चाकाला चिकटून, मान पुढे काढून चालवायची. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभा ऊस, गाडीच्या टपापेक्षा उंच. मधेच एखादा तोडलेला फड लागला की एकदम आभाळ दिसायचं, की पुन्हा हिरव्या भिंती. मातीच्या वाटा डांबरी रस्त्याला येऊन मिळत होत्या, सगळ्या एकसारख्या लाल.

एका वळणानंतर इरासीने ब्रेक दाबला.

पुढच्या तिठ्यावर, निलगिरीच्या सावलीत, त्यांची रुपेरी गाडी उभी होती. ओस्मार बाहेर उभा होता. एक हात गाडीच्या टपावर, जसा माणूस घोड्याच्या पाठीवर ठेवतो. तो एका रस्त्याकडे बघायचा, मग दुसऱ्याकडे, मग पुन्हा पहिल्याकडे.

"कुणाची तरी वाट बघतोय," जुरेमा म्हणाली.

इरासीने इंजिन बंद केलं. त्या थांबल्या. दूरवर लाल धूळ उठली, मग घरघर ऐकू आली, आणि एका वाटेतून मागे ट्रेलर जोडलेला उसाचा भला लांब ट्रक बाहेर आला. ओस्मार लगबगीने आत बसला. ट्रक पुढे जाऊ दिला आणि त्याच्या मागे लागला.

इरासीही निघाली. ट्रक वळला की ओस्मार वळायचा. ट्रक हळू झाला की तो हळू व्हायचा. वरून उसाची कांडी घसरून त्याच्या काचेवर आपटत होती, तरी तो अंतर सोडत नव्हता. मग टेकाड उतरताच कारखान्याची चिमणी दिसली आणि मळीचा उग्र वास आला. ट्रक फाटकातून आत गेला. ओस्मारची गाडी फाटकाबाहेर कडेला थांबली. क्षणभर तशीच राहिली. आणि मग कुणी झोपेतून हलवून जागं करावं तसा तिचा डावा दिवा उघडझाप करायला लागला, ती सफाईने वळली आणि गावाच्या रस्त्याला लागली. ज्या रस्त्याने तो आधी सायकलवरून, मग मोटरसायकलवरून आणि मग याच गाडीतून रोज घरी आला होता, त्या रस्त्याने. आता ती कुठे अडखळली नाही.

"कारखान्यापासून त्याला घर सापडतं," इरासी म्हणाली.

जुरेमा समोर बघत राहिली. निळ्या झग्याच्या मांडीवरची चुणी ती पुन्हापुन्हा सरळ करत होती. इरासीने तिला घराच्या कोपऱ्यापर्यंत आणून सोडलं. उतरताना जुरेमाने दार हळूच लावलं. आभार मानायचे राहून गेले. ते तिला फार नंतर आठवलं.

गाडी घरी पोचलेली होती आणि तो तिच्यात बसून होता, भिंतीकडे बघत. या वेळी जुरेमा पडद्याआड गेली नाही. ती दुसऱ्या बाजूचं दार उघडून त्याच्या शेजारी बसली.

"पेट्रोल का भरतोस?"

त्याने किल्ली फिरवून बाहेर काढली. "वास आला तुला?"

"जुलैत."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलायची वाट बघत होते."

त्याने चाकावरची धूळ अंगठ्याने पुसली. "मे महिन्यात अल्कोहोल संपलं एकदा. मधेच, उसात. किती फिरलो असेन कुणास ठाऊक. एक ट्रॅक्टरवाला आला, भला माणूस. म्हणाला, काका, कुठे जायचंय, पोचवतो. आणि मला सांगता येईना, जुरेमा. गावाचं नाव इथे होतं," त्याने जिभेच्या टोकाला बोट लावलं, "पण येईना. तेव्हापासून पेट्रोल. एका टाकीत लांब जाते ती. रस्ता सापडेपर्यंत पुरायला पाहिजे ना."

"घरी राहायचं होतंस."

"घरी बसलो की वाटतं, आता कधीच सापडणार नाही. म्हणून रोज जाऊन बघतो." मग त्याने तिच्याकडे वळून पाहिलं. "तुला काय वाटलं? बाई?"

"हो."

"इरासी?"

"हो."

तो जरासा हसला. "तसं असतं तर बरं झालं असतं," तो म्हणाला.

पुढे जे व्हायचं ते झालं. डॉक्टर, तपासण्या, गोळ्या. एलियाने फोनवर रडली आणि मग ठामपणे म्हणाली, "आई, किल्ली काढून घे. आजच्या आज." जुरेमा "हो गं, हो" म्हणाली. पण ज्या माणसाकडून एकेक गोष्ट आपणहून निघून चाललीय, त्याच्या हातातून आणखी एक हिसकावून घ्यायची तिला हिंमत होईना. तिने शाळेची नोकरी सोडली आणि ती त्याच्या शेजारी बसायला लागली. डॉक्टरला हे तिने सांगितलं नाही.

पहिल्याच आठवड्यात ते पंपावर गेले. दोन-चार पेन्शनर सावलीत बसले होते. ओस्मारने काच खाली केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "अल्कोहोल. गळ्यापर्यंत." जिल्सनने जुरेमाकडे पाहिलं. जुरेमाने मान हलवली. आता लांब पुरायची गरज नव्हती.

रस्ता ती थेट कधी सांगायची नाही. "त्या कोपऱ्यावरच्या बाईने नवे पडदे लावलेत म्हणे, बघू या," असं म्हणायची आणि तो तिकडे वळायचा. "आज पावाचा वास घ्यावासा वाटतोय," म्हणायची आणि तो बेकरीच्या रस्त्याला लागायचा. हात-पाय अजून चोख होते त्याचे. गियर लोण्यासारखे पडायचे. सप्टेंबर आणि ऑक्टोबर असा बरा गेला.

मग ओस्मारलाच संशय यायला लागला.

"तू का येतेस रोज? तुला कामं नाहीत?" पहिल्यांदा त्याने हसत विचारलं. नंतर हसणं गेलं. "जिल्सनशी काय खुसफुसत होतीस?" "माझ्या कोटाच्या खिशात कुणी हात घातला?" "एलियानेने पाळतीवर ठेवलंय ना तुला? खरं सांग." एकदा किल्ली सापडेना, तेव्हा त्याने तिचं कपाट उपसून सगळे कपडे पलंगावर टाकले. किल्ली त्याच्याच पायातल्या बुटात निघाली. त्याने बूट काढला, किल्लीकडे पाहिलं आणि म्हणाला, "तूच ठेवलीस इथे."

जुरेमाने कपडे पुन्हा घड्या घालून ठेवले. ती भांडली नाही. संशयाने पछाडलेल्या माणसाला खुलासा नको असतो, त्याला फक्त पुढची खूण हवी असते, हे तिला कळत होतं. जुलैपासून सप्टेंबरपर्यंत ती स्वतः त्याच घरात राहिली होती. त्याच्या प्रत्येक चांगल्या वागण्यात तिने लबाडी शोधली होती. आता तो तिच्या चांगल्या वागण्यात शोधत होता. रडायला यायचं ते या गोष्टीचं, की आता तिला खरं ठाऊक होतं आणि ते त्याला देता येत नव्हतं.

नोव्हेंबरच्या मध्यावर चर्चजवळच्या चौकात तो उलट्या बाजूने शिरला. समोरून दूधवाल्याची गाडी आली, ती कशीबशी बाजूला झाली. दूधवाला शिव्या द्यायला उतरला, ओस्मारला ओळखून गप्प झाला. "सांभाळून, सेउ ओस्मार," एवढंच म्हणून गेला. तो गप्प झाला हेच वाईट होतं. शिव्या दिल्या असत्या तर ओस्मारने उलट दिल्या असत्या. त्यानंतर बरेच दिवस तो "क्लबात जातो" म्हणाला नाही. जुरेमा किल्लीवर नजर ठेवून होती. ती खुंटीवरच होती.

महिना संपता संपता गळीत हंगामाची सांगता झाली. शेवटच्या खेपेच्या दिवशी ट्रकवाले कापडाच्या पताका लावून, भोंगे वाजवत कारखान्याकडे जातात. लोक रस्त्यावर बघायला येतात. सकाळी ओस्मार आपणहून म्हणाला, "जाऊ या?" जुरेमाने खुंटीवरची किल्ली काढून त्याच्या हातात दिली.

ते कारखान्याच्या रस्त्याला कडेला थांबले. गाडीला टेकून उभे राहिले. ट्रक आले. एका ट्रकवर केळीचे खांब बांधले होते, एकावर कुणाच्या तरी बायकोचा लाल टेबलक्लॉथ. भोंग्यांनी कान बसले. ओळखीचे ड्रायव्हर हात करत होते, ओस्मार टोपी हलवत होता. कारखान्यातली पोरंटोरं त्याला अजूनही मानायची. शेवटचा ट्रक फाटकातून आत गेला, धूळ खाली बसली, लोक पांगले. दोन्ही बाजूंना आता ऊस नव्हता. तोडलेले फड क्षितिजापर्यंत सपाट पसरले होते.

"आता एप्रिलपर्यंत ट्रक नाहीत," ओस्मार म्हणाला.

ट्रकमागून जाण्याबद्दल तो तिच्याशी कधी बोलला नव्हता. आपण ते पाहिलंय, हे तिनेही कधी सांगितलं नव्हतं.

"नाहीत," ती म्हणाली.

ते परत निघाले. वेशीच्या अलीकडे, मोठ्या रस्त्याला लागायच्या आधी, ओस्मारने गाडी हळू केली, कडेला घेतली आणि हँडब्रेक ओढला. जुरेमाला वाटलं, त्याला लघवीला जायचंय. तो उतरला, गाडीला पुढून वळसा घालून तिच्या बाजूला आला आणि त्याने तिचं दार उघडलं. टोपी काढून हातात धरली होती. नुसता दार धरून उभा राहिला, लग्नाच्या दिवशी कुणाच्या तरी उसन्या गाडीचं दार धरून उभा होता तसा.

जुरेमा उतरली. गाडी चालवायला त्यानेच शिकवलं होतं, खूप ओरडून. पण ती गावाबाहेर फारशी गेली नव्हती. ती डावीकडे, चाकामागे बसली, सीट पुढे ओढली, आरसा खाली केला. तो शेजारी बसला, पट्टा लावला, तिची सीट आपल्या लांब पायांसाठी मागे सरकवली आणि टोपी गुडघ्यावर ठेवली.

"क्लच पूर्ण दाब," तो म्हणाला.

"दाबलाय."

"पूर्ण."

तिने पूर्ण दाबला. गाडी एक हिसका देऊन निघाली. पुढे मोठा रस्ता आडवा येत होता आणि त्यावरून गाड्या भरधाव जात होत्या. तिने ब्रेक लावला. तिच्या बाजूने येणाऱ्या गाड्या तिला दिसत होत्या, पण त्याच्या बाजूला खांब होता, झुडूप होतं, आणि तिला मान किती वळवावी ते कळेना.

ओस्मार पुढे वाकला. त्याने काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि उजवीकडे शांतपणे, नीट पाहिलं. एक मोटरसायकल जाऊ दिली. एक बस जाऊ दिली.

"इकडून मोकळं आहे," तो म्हणाला. "घे."

तिने गाडी काढली.